क्रिप्टो प्रोजेक्टचा पिच डेक: मामांकडे पैसे मागायला जाण्याआधी



माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे बरेच पिच डेक मला गुंतवणूकदाराच्या आधी बघायला मिळतात! दिवाळीनंतर आपल्याच बॅचचा एक विद्यार्थी ३१ पानांची कलर प्रिंट काढायला आला. प्रोजेक्ट असा, की शहरातल्या किराणा दुकानांसाठी एक टोकन काढायचं. गिऱ्हाइकाने सामान घेतलं की टोकन मिळणार, ते जोडलेल्या कुठल्याही दुकानात चालणार, आणि पुढे एक्स्चेंजवर त्याला भाव लागणार. मागणी २० लाखांची. त्यातले ८ लाख मामा देणार होते, रिटायरमेंटच्या पैशातून. "ताई, रविवारी मामांकडे जायचंय, तेवढं स्पायरल करून द्या."

स्पायरल करायच्या आधी मी सगळं वाचून काढलं. आणि त्याला म्हटलं, बस जरा.

पहिली ११ पानं ब्लॉकचेन म्हणजे काय, यावरच होती. अरे, बिटकॉइनचा २००८ चा मूळ पेपर सगळा मिळून ९ पानांचा आहे! गुंतवणूकदाराला तंत्रज्ञान शिकवायला जाऊ नका. अडचण कोणाची आणि कोणती, ते आधी एका वाक्यात सांगा. मॅटिकचं उदाहरण घ्या. आपल्याच भारतीय मुलांनी २०१७ मध्ये सुरू केलेला हा प्रोजेक्ट, आता त्याला पॉलिगॉन म्हणतात. त्यांची अडचण कोणालाही समजेल अशी होती: इथेरियमवर गर्दी झाली की व्यवहार हळू होतात आणि महागही पडतात. बाकी सगळं त्यानंतर.

आता मुख्य मुद्दा. क्रिप्टोच्या डेकमध्ये एक स्लाइड अशी लागते जी साध्या धंद्याच्या डेकमध्ये नसते: टोकन कशाला? ही स्लाइड लिहिण्याआधी एक परीक्षा घ्या. प्रोजेक्टमधून टोकन काढून टाका आणि बघा, धंदा थांबतो का? मी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, दुकानदारांचा एकमेकांवर विश्वास नाही, हिशोब सगळ्यांना दिसायला हवा. उत्तर वाईट नाही. पण मग साधे पॉइंट ठेवून, दर महिन्याला हिशोब मिटवणारं एक ॲप चालणार नाही का? यावर तो गप्प.

आणि इथेच कराची गंमत आहे, नीट वाचा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून, ठरावीक मर्यादेच्या वरच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस आला. पण ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट व्हाउचर, खरेदीवर फुकट मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि लॉयल्टी कार्ड यांना या व्याख्येतून बाहेर ठेवलंय. म्हणजे तीच योजना पॉइंट म्हणून चालवली तर ही कटकट नाही, आणि एक्स्चेंजवर विकता येणारं टोकन केलं की किराणावाले काका थेट क्रिप्टोच्या कायद्यात! काकांना हे कोण समजावणार? डेकमध्ये कायद्याची एक स्लाइड हवीच, आणि ती सीएला दाखवूनच. लोकांचं क्रिप्टो सांभाळणं किंवा अदलाबदल करून देणं हा धंदा असेल, तर ७ मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू आहे आणि एफआययूकडे नोंदणी करावी लागते.

एवढं सगळं बघूनही टोकन लागतंच असेल, तर वाटणीची स्लाइड करा. याच्या डेकमध्ये टीमला ४५ टक्के, आणि पहिल्या दिवसापासून विकायला मोकळे! गुंतवणूकदाराला यातून एकच दिसतं, भाव चढला की ही पोरं विकून मोकळी होणार. इथेरियमने २०१४ मध्ये लोकांना साधारण ६ कोटी इथर विकले आणि फाउंडेशन व सुरुवातीच्या लोकांसाठी साधारण १ कोटी २० लाख ठेवले. म्हणजे सहातला एक भाग. टीमचे टोकन चार वर्षांत थोडे थोडे सुटतील, पहिल्या वर्षी एकही नाही, अशी अट स्वतःहून लिहा. मागायची वाट बघू नका.

पैसे कुठे खर्च होणार, हे महिन्यांच्या हिशोबात मांडा, आणि कोडची बाहेरच्या माणसाकडून तपासणी करायचा खर्च त्यात धरा. तो बहुतेक सगळे विसरतात.

शेवटची स्लाइड बघून मात्र माझं डोकं फिरलं. "एका वर्षात १० पट." ही स्लाइड कुठल्याही डेकमध्ये दिसली तर फाडून टाका. पुण्यातलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवतं ना? दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन होतं. २०१८ मध्ये अटका झाल्या, आणि किती घरांची बचत त्यात अडकली. शिवाय परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे गोळा केले, तर अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ मागे लागू शकतो. मामा घरचे आहेत हो, पण डेक व्हॉट्सॲपवर कुठे कुठे फिरेल, सांगता येतं का?

त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत बसून आम्ही ३१ पानांची १० केली. टोकन गेलं, पॉइंट आले. "हे पैसे पूर्ण बुडू शकतात" हे वाक्य त्याने पहिल्याच पानावर टाकलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. हात जड झाला होता त्याचा टाइप करताना.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि ८ लाखांऐवजी दीड लाख कबूल केले. तेही दहा दुकानांत तीन महिने चालवून दाखवल्यावर. सध्या सहा दुकानं जोडली गेली आहेत.