प्रवेशाचे मोल
बाल्टिक समुद्राकाठी लिथुआनिया नावाचा चिमुकला देश आहे. १९९० साली त्याने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केले. पुढे त्यास युरोपीय संघात जावयाचे होते. संघाने कठीण अट घातली : इग्नालिनाचे अणुवीजकेंद्र बंद करावे. तेथील भट्ट्या चेर्नोबिलच्याच धर्तीच्या. १९८६ चा तो भीषण अपघात कोण विसरेल? परंतु देशाची निम्म्याहून अधिक वीज तेथूनच येई!

अट मान्य झाली. २००४ साली प्रवेश मिळाला. २००९ च्या अखेरच्या दिवशी दुसरी भट्टीही थंडावली. वीज विकणारा देश ती विकत घेऊ लागला. भट्ट्या मोडण्याच्या खर्चाचा मोठा भार संघाने उचलला खरा. पण केंद्राच्या कामगारांसाठीच वसविलेल्या विसागिनास नगरातील कितीतरी तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडले. मागे राहिलेल्यांपैकी काही जण ते केंद्र उतरविण्याच्या कामावर आहेत.