धुळीआडच्या दीर्घिका

प्रश्न : कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या, धुळीत दडलेल्या दीर्घिका मिलिमीटर लहरींनी शोधतात म्हणे. धुळीआडचे दिसते कसे? आणि अशी दुर्बीण आमच्या बीदरच्या पठारावर उभारता येईल का?
– एक वाचक, औराद (जि. बीदर)

उत्तर : आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्य होतील एवढेच तारे जन्मतात. या दीर्घिकांत मात्र वर्षाला शेकडो सूर्यांइतके. त्या नव्या ताऱ्यांचा प्रकाश भोवतालची धूळ गिळते, म्हणून साध्या दुर्बिणीला तिथे अंधारच दिसतो. पण त्या प्रकाशाने धूळ किंचित तापते, उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि अवरक्त लहरी सोडते. विश्व प्रसरण पावत असल्याने या लहरी वाटेत ताणल्या जातात आणि मिलिमीटरच्या घरात येतात. म्हणजे जी धूळ तारे लपवते, तीच त्यांचा पत्ता देते.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. दीर्घिका जितकी दूर, तितका तिच्या प्रारणाचा अधिक तेजस्वी भाग मिलिमीटर पट्ट्यात सरकतो. अंतराने येणारा मंदपणा त्यामुळे बराचसा भरून निघतो.

तरीही संकेत अतिशय क्षीण असतो. आपली हवाच या लहरींत त्याच्या कितीतरी पट चकाकते. म्हणून शेजारचे रिकामे आकाश पुन्हा पुन्हा मोजून वजा करतात. १९९७ मध्ये हवाईतील मौना केआवरच्या १५ मीटर व्यासाच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीने अशा दीर्घिका प्रथम टिपल्या. वाटेतल्या दीर्घिकासमूहांचे गुरुत्व तेव्हा भिंगासारखे उपयोगी पडले. पुढच्याच वर्षी एचडीएफ ८५०.१ ही अशीच एक दीर्घिका सापडली. तिचे अंतर कळायला २०१२ उजाडले : तिचा प्रकाश सुमारे साडेबारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे.

आता बीदर. मिलिमीटर लहरींचा खरा शत्रू हवेतली वाफ. म्हणून ‘अल्मा’ या मिलिमीटर दुर्बिणीच्या ६६ अँटेना चिलीच्या वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर आहेत. बीदरचे पठार हजार मीटरही उंच नाही, शिवाय पावसाळ्याची दमट हवा. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने १०.४ मीटरची मिलिमीटर दुर्बीण उभारली होती, पण इतक्या क्षीण दीर्घिकांसाठी लडाखसारखी उंच, कोरडी जागाच हवी.

लांब रेडिओलहरींना वाफेची अडचण नसते. म्हणूनच पुणे जिल्ह्यात खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उत्तम चालते. विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरते. औराद-भालकीच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तिथे जरूर न्यावे.