पास घ्यावा की तिकीट?

पेण गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका कारखान्यात एक नवराबायको काम करतात. तो साच्यातून मूर्ती काढतो. ती मूर्तींना रंग देते. यंदा दोघांनी मिळून 3000 रुपये बाजूला टाकले. दिवाळी झाली की म्हाताऱ्या आईला मुंबई दाखवायची, असे ठरले. आईचे वय 76. तिने मुंबई कधी पाहिली नव्हती. उतरायची सोय लालबागला, आत्याबाईंकडे. धाकटी पोरगी तेवढे दिवस आजोळी, रोह्याला राहणार होती. तिला फळ्यावरचे नीट दिसत नाही. प्रवासातून उरतील त्या पैशांत तिला चष्मा करायचा होता.

तो म्हणाला, "पास काढून टाकू. मग कटकट नाय. कुठेबी हिंडा."

ती रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. ती म्हणाली, "अहो, थांबा. पास कशाचा? किती दिवसांचा? आधी वाचू तरी."

दोघे एसटी स्टँडवर गेले.

एसटीचा पास

एसटीच्या योजनेचे नाव आहे 'आवडेल तेथे प्रवास'. हा पास 4 दिवसांचा किंवा 7 दिवसांचा असतो. एकाच्या नावाचा पास दुसऱ्याला चालत नाही. ज्याला थोड्या दिवसांत लांब लांब जायचे आहे, त्याला हा पास फायद्याचा. पेणहून कोल्हापूर, तिथून पंढरपूर, मग तुळजापूर, असा फेरा असेल तर जरूर विचार करावा. पण या तिघांना फक्त मुंबईला जायचे आणि परत यायचे होते. एका माणसाच्या पासालाच हजाराहून जास्त रुपये लागतात.

खिडकीवरच्या बाबूने आणखी एक गोष्ट सांगितली. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. 65 ते 75 वर्षांच्या माणसांनाही अर्धे तिकीट. ज्यांची 75 वर्षे पुरी झाली, त्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे.

तिने हिशेब मांडला. समजा, पेण ते मुंबई पुरे तिकीट 140 रुपये. जाऊन येऊन त्याचे 280. तिचे अर्धे, म्हणजे 140. आईचे काही नाही. एकूण 420 रुपये. पासापेक्षा तिकीटच स्वस्त!

लोकलचे पर्यटक तिकीट

मुंबईच्या लोकल गाड्यांसाठी 1, 3 आणि 5 दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. तेवढे दिवस लोकलने कितीही वेळा जा-ये करता येते. पण ही लोकल आपल्या बाजूला पनवेलपर्यंतच आहे. रोहा, नागोठणे, कासू, पेण ही स्टेशने पनवेलच्या पुढची. तिथे हे तिकीट चालत नाही. पनवेलपर्यंतचे तिकीट वेगळे काढावे लागते. हे माहीत नसले, तर खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागेल.

लालबागहून या तिघांना बसच सोयीची होती. म्हणून त्यांनी हे तिकीट घेतले नाही.

बेस्टचा दिवसाचा पास

मुंबई शहरातली लाल बस बेस्टची. ती एसटीची नव्हे. म्हणून एसटीची सवलत तिथे सांगू नये. 9 मे 2025 पासून बेस्टच्या साध्या बसचे कमीत कमी तिकीट 10 रुपये झाले. गार हवेच्या बसचे 12 रुपये. दिवसाचा पास 75 रुपये.

आता पाहा. 10 रुपयांच्या 7 फेऱ्या केल्या तर 70 रुपये होतात. म्हणजे पास महाग. आठवी फेरी केली, तरच 5 रुपये वाचतात. लांबचे तिकीट जास्त असते. तिथे कमी फेऱ्यांतही पास परवडतो.

आत्याबाईंना फोन करून तिने तीन दिवसांचा बेत वहीत लिहिला. बुधवारी राणीची बाग बंद असते. तो वार टाळला. लांबच्या फेरीचे तिकीट 15 रुपये धरले.

पहिला दिवस, राणीची बाग : 10 रुपयांच्या 2 फेऱ्या. माणशी 20 रुपये.

दुसरा दिवस, गेटवे आणि चौपाटी : 15 रुपयांच्या 3 फेऱ्या. माणशी 45 रुपये.

तिसरा दिवस, देवदर्शन आणि नातेवाईक : 15 रुपयांच्या 6 फेऱ्या. माणशी 90 रुपये.

पहिले दोन दिवस तिकीट काढावे. तिसऱ्या दिवशी मात्र 75 रुपयांचा पास घ्यावा. म्हणजे माणशी 140 रुपये. तिघांचे 420. तिन्ही दिवस पास घेतला असता, तर तिघांना 675 रुपये पडले असते. नुसत्या हिशेबाने 255 रुपये वाचले.

आई म्हणाली, "सूनबाई, पोरीच्या चष्म्याला हातभार लागला गं!"

तो हसला. म्हणाला, "मी पास काढून मोकळा झालो असतो."

लक्षात ठेवा

पास आपोआप स्वस्त पडत नाही. फेऱ्या पुरेशा असतील तरच स्वस्त पडतो. म्हणून आधी फेऱ्या मोजा. मग पैसे मोजा. पास कोणत्या गाडीला आणि कुठपर्यंत चालतो, ते वाचा. आपल्याला सवलत आहे का, ते विचारा. दर बदलतात, म्हणून निघण्याआधी खिडकीवर पुन्हा चौकशी करा. विचारण्यात कमीपणा नाही.

हिशेब करा

1. एका दिवसात 10 रुपयांच्या 5 फेऱ्या करायच्या आहेत. पास 75 रुपयांना आहे. तुम्ही काय घ्याल?

2. एसटीचे पुरे तिकीट 60 रुपये आहे. नवरा, बायको आणि 70 वर्षांचे आजोबा जाणार आहेत. जाऊन येऊन किती रुपये लागतील?