संध्याकाळी जीपीएस का उड्या मारतो?



बंदी उठल्यावर ऑगस्ट बरा गेला. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या तीन-चार ट्रॉलरवाल्यांनी एकच तक्रार आणली. सूर्य बुडून तासभर झाला की स्क्रीनवरची होडी जागच्या जागी उडते, सॅटेलाइटच्या दांड्या भराभर खाली येतात, आणि मध्यरात्रीनंतर सगळे परत ठीक. एकाने तर अँटेना नवा घातला. पैसे गेले, पुढच्या आठवड्यात परत तेच! मशीनचा दोष नव्हताच. दोष म्हणायचाच तर सूर्याचा.

100 किलोमीटरच्या वरसुद्धा हवा असते, पण अगदी विरळ. सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण तिथल्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. विजेने भारलेल्या या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. सूर्याचा जोर साधारण 11 वर्षांच्या चक्रात वर-खाली होतो. डोळ्यांना दिसणारा उजेड त्यात हजारात एक भागच बदलतो, म्हणून ऊन आपल्याला तेच वाटते. तीव्र अतिनील किरण मात्र कितीतरी वाढतात, आणि ते वरच्या हवेतच अडतात. ती हवा तापते, फुगते, आयनांबर दाट होते. जुन्या मंडळींना 1979 चे स्कायलॅब आठवेल, कुठे पडणार म्हणून केवढी घबराट होती! सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापला, फुगलेल्या हवेने त्याला ओढले आणि ते लवकर खाली आले.

आता आपल्या मशीनकडे येऊ. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर वर आहेत. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून मशीन अंतर काढते. आयनांबरातून येताना सिग्नल रेंगाळतो. सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा उशीर झाला तरी अंतरात 30 मीटरचा फरक पडतो.

त्यात आपला पट्टा जास्त त्रासाचा. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तिथले भारलेले कण उंच उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला उतरतात. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग पटकन विरतो, वरचा दाटच राहतो. मग पाण्याखाली दाबून धरलेला रिकामा कॅन सोडल्यावर उसळतो, तसे विरळ बुडबुडे खालून वर चढतात. सूर्य जोरात असला की ते जास्त उंच जातात आणि उत्तरेला लांबवर पसरतात. कारवार, गोवा, सिंधुदुर्ग त्यांच्या वाटेतच. त्यांतून येणारा सिग्नल चांदणीसारखा लुकलुकतो आणि मशीनची पकड सुटते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत, ही याची खास वेळ.

सध्याचे 25 वे चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाले आणि 2024 मध्ये जोरावर आले. त्याच मे महिन्यात मोठे सौर वादळ झाले, तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. जोर उतरणीला लागला तरी मोठी वादळे येतच असतात, तेव्हा हा विषय एवढ्यात संपणारा नाही.

खोल दर्यात 20-30 मीटर इकडे-तिकडे झाले तर फारसे बिघडत नाही. भीती आहे ती नदीच्या तोंडाशी. कुटबणला परतताना साळ नदीच्या मुखावरची वाळू किंवा मांडवीच्या तोंडाशी आग्वादची वाळूपट्टी, तिथे वाट अरुंद असते. रात्री नुसत्या स्क्रीनवरच्या रेषेवर होडी घालू नये. आत शिरण्याआधी सॅटेलाइटचे पान उघडून पाहावे. दांड्या नाचत असतील तर फिशफाइंडरची खोली, होकायंत्र, दीपस्तंभ आणि किनाऱ्याच्या जुन्या खुणा धराव्यात. शंका वाटली तर बाहेर नांगर टाकून थांबावे. नवा रिसीव्हर घेणार असाल तर दोन फ्रिक्वेन्सीचा आणि जीपीएसबरोबर इतर देशांचे उपग्रहही पकडणारा बघा. दोन फ्रिक्वेन्सीमुळे उशिराची चूक वजा होते. लुकलुक त्याने जात नाही, पण उपग्रह जास्त असले की काहींची पकड तरी टिकते. व्हीएचएफ होडी-ते-होडी सरळ जातो, त्याला आयनांबर लागत नाही. म्हणजे पोजिशनची शंका आली तर शेजारच्या होडीला विचारता येते.

असा प्रकार दिसला तर तारीख, वेळ आणि किती सॅटेलाइट उरले ते वहीत टिपून संस्थेच्या ऑफिसात द्या. चारपाच होड्यांच्या नोंदी एकाच रात्रीच्या निघाल्या, तर मशीन दुरुस्तीचा खर्च तरी वाचेल.