घरातील बैठे खेळ व त्यांपासून होणारे शिक्षण

खेळ म्हटला की मैदान, चेंडू आणि आरडाओरडा हीच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु आपल्याकडे वर्षाचे चार महिने पावसाचे असतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पाऊल टाकणे कठीण होते. अशा वेळी घरातील सर्व माणसे एका छपराखाली असतात खरी. पण ती एकत्र असतातच असे नाही. वडील वर्तमानपत्रात, आई कामात, थोरला मुलगा मोबाइलमध्ये आणि धाकटी भावंडे एकमेकांच्या खोड्या काढण्यात गढलेली असतात. बापलेकांचे बोलणे होते ते बहुधा प्रगतिपुस्तकापुरतेच. ह्या स्थितीवर आपल्या वाडवडिलांनी एक साधा उपाय योजून ठेवला आहे. तो म्हणजे बैठे खेळ. त्यांतील काहींचा विचार येथे करू.

प्रथम सोंगट्यांचा खेळ घेऊ. ह्याचा पट अधिकाच्या चिन्हाच्या आकाराचा असतो. त्याला चार पट्टे. प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरे. चारी मिळून ९६. मधले मोठे घर निराळे. खेळणारे चौघे, आणि प्रत्येकाच्या सोंगट्या चार. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू होतात. सोंगटी मधल्या घरातून निघून साऱ्या पटाला वळसा घालते व पुन्हा मधल्या घरी येते. वाटेत ती मारली गेली तर तिला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. ह्याच खेळाचे सुटसुटीत रूप इंग्लंडात १८९६ साली ‘लुडो’ ह्या नावाने नोंदले गेले. आपण दुकानातून विकत आणतो तो लुडो अशा रीतीने आपल्याच घरचा पाहुणा आहे. पट विकतच घ्यावा असेही नाही. फरशीवर खडूने रेघा ओढाव्या, सोंगट्यांच्या जागी चार रंगांची बटणे घ्यावी, आणि कवड्या नसल्यास चिंचोके मधोमध फोडून घ्यावे; त्यांची एक बाजू पांढरी व एक काळी असल्याने काम उत्तम भागते.

दानाची एक रीत अशी: सहा कवड्या टाकाव्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चालावे. मात्र एकच उताणी पडली तर दहा, आणि एकही न पडली तर पंचवीस. ह्या पंचवीसावरूनच ‘पचीसी’ हे नाव पडले. येथे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक गणित आहे. कवड्यांऐवजी सहा नाणी घेतली, तर छापा-काटा पडण्याचे एकंदर ६४ प्रकार होतात. त्यांपैकी तीन छापे येण्याचे प्रकार २०, दोन किंवा चार येण्याचे प्रत्येकी १५, एक किंवा पाच येण्याचे प्रत्येकी ६, आणि एकही न येण्याचा प्रकार एकच. सर्वांत मोठे दान सर्वांत दुर्मिळ का, हे ह्यावरून कळेल. कवडी मात्र नाण्यासारखी दोन्ही बाजूंस सारखी नसते. म्हणून शंभर वेळा कवड्या टाकून आलेली दाने वहीत मांडावी, आणि दोहोंतला फरक स्वतः पाहावा.

दुसरा प्रकार शब्दांच्या खेळांचा. ह्यांस काहीच साहित्य लागत नाही. विजेचे दिवे गेले तरी ते चालतात. भेंड्यांमध्ये एका पक्षाने म्हटलेल्या पद्याचे शेवटचे अक्षर घेऊन दुसऱ्या पक्षाने नवे पद्य म्हणावयाचे. ‘ण’ आल्यास ‘न’ धरण्याची मोकळीक ठेवावी, नाहीतर खेळ तेथेच अडेल. येथे ओव्या, अभंग, शाळेतील कविता, मंदिरातील भक्तिगीते, सर्व काही चालते. आणि जिला मोबाइल नीट हाताळता येत नाही ती आजी पदवीधर नातवास सहज हरवते. कोड्यांचे तसेच. कोडी घालण्याची हौस फार जुनी आहे; शास्ते ह्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात शमशोनाने आपल्या लग्नाच्या मेजवानीत कोडे घातल्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहेच.

परंतु त्याच हकीकतीत एक इशाराही आहे. शमशोनाने कोड्यावर तीस वस्त्रांची पैज लावली, आणि तिचा शेवट तीस माणसांच्या हत्येत झाला. महाभारतातील युधिष्ठिराने तर फाशांच्या पटावर राज्य, भाऊ आणि पत्नी ही सर्व घालविली. म्हणून घरातील खेळात पैशाची पैज असू नये, एका रुपयाचीही असू नये. पैज आली की भिडू सावज होतो.

आता मुख्य गोष्ट. घरात इतर सर्व वेळी वडिलांचा शब्द वर असतो, आणि तो तसा असणे योग्यच आहे. पटावर मात्र आठ वर्षांच्या मुलीला जो नियम, तोच तिच्या वडिलांना. तिने वडिलांची सोंगटी मारली, तर त्यांनी ती हसतमुखाने उचलून पुन्हा आरंभ करावा. न्याय म्हणजे काय, हे त्या क्षणी मुलीला जसे कळते तसे आमच्या नीतिपाठांच्या तासालाही कळत नाही, असे आम्हांस वाटते. लहानग्यांसाठी आपल्या भाषेने ‘लिंबूटिंबू’ हा सुंदर शब्द दिला आहे. मोजता येईपर्यंत त्यांना तसे जरूर खेळवावे. पुढे मात्र पुरा नियम लावावा, आणि पालकांनी मुद्दाम हरू नये. मुलांना ते कळते. जो घरी हरायला शिकत नाही, तो पुढे परीक्षेत व संसारातही रडीचा डाव खेळतो.

प्रभू येशूने आपल्या काळच्या लोकांस बाजारात बसलेल्या मुलांची उपमा दिली आहे (मत्तय ११). ती मुले आपल्या सोबत्यांस हाका मारीत होती, पण सोबती कशातच सामील होईनात. आपली मुले पट मांडून हाक मारतील, तेव्हा पालकहो, कामाची सबब सांगून ती हाक परतवू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सुट्टीतील एक काम. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा, त्यांच्या लहानपणीचा एखादा बैठा खेळ विचारा, आणि त्याचे नियम लिहून काढा. हे नियम गावोगावी बदलतात, आणि पुष्कळसे केवळ त्यांच्या स्मरणातच आहेत. लिहून झाले की तो खेळ त्यांच्याबरोबर एकदा खेळा.