लातूर सोडून रेणापूरला राहायला जावं का?

प्रश्न : लातूरला आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. मिस्टर मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहेत, मी एका दवाखान्यात हिशेबाचं काम बघते. मुलगी नववीत, मुलगा चौथीत आणि सासूबाई सोबत. आमच्या नात्यातल्या लोकांनी रेणापूरला घर बांधलं. ते रोज लातूरला अपडाऊन करतात आणि म्हणतात, लातूरच्या भाड्यात तिकडं घराचा हप्ता फिटतो. आमच्या आधीची पिढी गाव सोडून लातूरला आली आणि आता लातूरची माणसं रेणापूरला निघाली. हे उलटं कसं झालं? आणि आम्ही जावं का?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट उमगलं की दुसऱ्याचा निम्मा गुंता सुटतो, म्हणून आधी ते पाहू.

कामासाठी रोज किती लांब जायचं हे माणूस किलोमीटरवर ठरवत नाही, वेळेवर ठरवतो. चेझारे मार्केती या इटालियन शास्त्रज्ञानं 1994 साली असं मांडलं की, पायी चालण्याच्या काळापासून मोटारीच्या काळापर्यंत माणसाचा रोजचा जाण्यायेण्याचा वेळ साधारण तासाभराच्या आसपासच राहिला आहे. वाहनाचा वेग वाढला की माणूस वाचलेला वेळ शिल्लक टाकत नाही, त्या वेळात आणखी लांबचं घर बघतो. मुंबईत हेच झालं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत 34 किलोमीटर गाडी धावली. 1896 मध्ये प्लेग आला, दाट वस्त्यांची भीती बसली, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. पुढं लोकलच्या आधारानं मराठी माणूस डोंबिवली, बदलापूरपर्यंत सरकला.

लातूरला लोकल नाही. आपलं सगळं रस्त्यावर चालतं. 1917 मध्ये वसलेल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि तिथला बाजार शहराचा कणा झाला. ऑगस्ट 1982 मध्ये जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या. शिक्षणातल्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं तशी बाहेरगावची मुलं आली, त्यांच्यासाठी वसतिगृहं, खाणावळी, क्लास आले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर गेली आणि त्याच वर्षी महानगरपालिका झाली. एका खोलीत चार मुलं राहून जेवढं भाडं देतात तेवढं एका पगारदार कुटुंबाला झेपत नाही. भाडं चढलं ते असं.

त्याच काळात रेणापूरही बदललं. 1999 मध्ये तालुका झाला, तहसील आणि पंचायत समिती आली, पुढं नगरपंचायत झाली. गाव लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर, लातूरपासून वीसेक किलोमीटर. सकाळी लातूरहून शिक्षक आणि कचेरीतली माणसं रेणापूरकडं येतात, रेणापूरहून विद्यार्थी, दुकानातली पोरं आणि कामगार लातूरला जातात. दोन्ही बाजूंनी प्रवासी असतात म्हणून या रस्त्याला वाहन मिळतं. अर्ध्या-पाऊण तासात माणूस पोचतो. मार्केतीच्या तासाच्या हिशेबात हे अंतर जवळपास बसतं आणि म्हणूनच तुमच्या नात्यातली मंडळी तिथं घर बांधू शकली.

आता तुमचं घर. अशा वेळी कमावत्या माणसाचा प्रवास मोजला जातो आणि बाकीच्यांचा राहून जातो. मी म्हणेन, पाचही जणांचा दिवस वेगवेगळा मांडा.

तुमच्यापासून सुरू करू. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. महिन्याला 26 दिवस कामावर गेलात तर पूर्ण तिकिटाच्या मानानं तुम्हाला 13 दिवसांचं भाडं पडेल. मिस्टरांसाठी मासिक पास आहे : 20 दिवसांचं भाडं भरायचं आणि 30 दिवस फिरायचं. म्हणजे त्यांना पास परवडतो आणि तुम्हाला पासापेक्षा रोजचं अर्धं तिकीट स्वस्त पडतं. हाच प्रवास मोटारसायकलवर केला तर रोजचे 40 किलोमीटर, 25 दिवसांचे हजार. लिटरला 50 किलोमीटर धरले तरी 20 लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या वर. शिवाय वर्षाला बारा हजार किलोमीटरची टायर-ऑईलची झीज वेगळी. घराचा हप्ता आणि आजचं भाडं यांची तुलना करताना हे आकडे हप्त्याच्या बाजूला लिहा.

मिस्टरांचा दिवस मात्र वर्षभर सारखा नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची आवक वाढली की आडतीवरच्या माणसाला घरी जायची वेळ राहत नाही. शेवटची बस चुकली तर रात्री गाडीवर यायचं. याच दिवसांत साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं. निवाड्याचा रेणा कारखाना याच तालुक्यात आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेला, उसाची वाढी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात तो शेवटच्या क्षणी दिसतो. नोव्हेंबर ते मार्च रात्रीचा प्रवास टाळता येईल का, उशीर झाला तर मिस्टरांना लातूरला मुक्कामाची सोय आहे का, हे घराचं टोकन देण्याआधी विचारा. पेट्रोलच्या हिशेबापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

मुलगी नववीत आहे, म्हणजे दोन वर्षांनी अकरावी. ती लातूरच्या कॉलेजला आणि क्लासला जाणार असेल तर तिचा दिवस घरात सगळ्यांत लांब होईल. पहाटेची बॅच, मधे कॉलेज, संध्याकाळची टेस्ट. मुलींसाठी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, तो तुम्हाला लागू होतो का ते आगारात विचारा. पण पासानं पैसे वाचतील, झोप वाचणार नाही. त्या दोन वर्षांसाठी लातूरला एखाद्या नातेवाइकाचं घर किंवा चांगलं वसतिगृह डोळ्यासमोर हवं. चौथीतल्या मुलाला मात्र बदल सोपा जाईल. पाचवीला शाळा अशीही पुष्कळदा बदलते, आणि रेणापूरलाच शाळा घेतली तर तो चालत घरी येईल.

सासूबाईंना कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. तुम्ही दोघं सकाळी निघाल, रात्री याल. मधले दहा-अकरा तास त्या नव्या गल्लीत एकट्या असतील. लातूरला त्यांच्या मैत्रिणी आहेत, देऊळ आहे, ओळखीचा डॉक्टर आहे. रेणापूरला रेणुकादेवीचं मंदिर आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, आणि मोठ्या आजारपणाला एका बाजूला लातूरचं, दुसऱ्या बाजूला अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोयीच्या दृष्टीनं गाव वाईट नाही. पण शेजार जुळायला वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तो जास्त लागतो. घर मुख्य वस्तीत, चार माणसांच्या येण्याजाण्यात घ्या. गावाबाहेरच्या नव्या ले-आऊटमध्ये एकटं घर त्यांच्यासाठी नको.

शेवटी पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. मांजरा धरण आटलं होतं आणि पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी आलं. रेणापूरकडं रेणा नदी आहे, तिच्यावर भंडारवाडीला मध्यम प्रकल्प आहे, पण पाऊस दोन्हीकडं एकाच आभाळातून पडतो. म्हणून घर दाखवणाऱ्याला बोअरला किती इंच पाणी आहे हे विचारू नका, ते पावसाळ्यात सगळेच छातीठोक सांगतात. शेजारच्या चार घरांतल्या बायकांना विचारा : मे महिन्यात नळ किती दिवसांनी येतो, टँकर किती वेळा घ्यावा लागला?

माझं मत सरळ सांगतो. जा, पण आधी भाड्यानं जा. दसऱ्याच्या आधी राहायला गेलात तर आडतीची धावपळ, उसाचा हंगाम आणि उन्हाळा हे तिन्ही एका वर्षात अनुभवाल. तेवढ्यात मुलीच्या अकरावीचंही चित्र स्पष्ट होईल. त्यानंतरही पाचही जणांना तिथं राहावंसं वाटलं तर बिनधास्त घर घ्या.

प्रश्न : रेणापूर परिसरात गुंठ्यावर प्लॉट विकायला आहेत. घेताना काय बघावं?
— एक वाचक, अंबाजोगाई रोड, लातूर

उत्तर : आधी कागद, मग माती.

गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे असे छोटे तुकडे विकायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं बंधनं घातली. त्यामुळं कित्येकांनी पैसे दिले, बॉण्डवर सह्या झाल्या, पण सातबाऱ्यावर नाव लागलं नाही. अलीकडं या नियमांत सवलती आल्या आहेत, तरी ‘पुढं होऊन जाईल’ या शब्दावर पैसे देऊ नका. अकृषिक आदेश, मंजूर ले-आऊटचा नकाशा आणि विकणाऱ्याच्या नावाचा चालू सातबारा, हे तीन कागद हातात घेऊन वकिलाकडं जा. 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकत असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. ले-आऊटमधला रस्ता आणि मोकळी जागा नकाशावर आहे तशी जागेवर आहे का, ते टेपनं मोजा.

मातीसाठी प्लॉट एप्रिल-मेमध्ये बघा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेव्हा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पाया घातला तर जोतं या मातीबरोबर वरखाली होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी तिरकी भेग निघते. तयार घर घेत असाल तर रंगाकडं नको, त्या कोपऱ्यांकडं बघा. नवं बांधत असाल तर काळी माती काढून पाया मुरमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत न्या. माती फार खोल असेल तर पाइलचा पाया घ्यायचा की कसं, हे अभियंत्याला विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात विसरता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. घर एकमजली असलं तरी जोत्याला, लिंटेलला आणि छताला काँक्रीटचे सलग पट्टे घाला. गवंडी म्हणेल, एवढ्याशा घराला कशाला. तरी घाला.

प्रश्न : आम्ही मूळचे रेणापूरचे. लातूरची माणसं इकडं आली तर गावाचं भलं होईल की फक्त जमिनीचे भाव वाढतील?
— एक वाचक, रेणापूर

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. मोठ्या शहरांच्या आजूबाजूच्या अनेक गावांत असं झालं की नवी माणसं फक्त झोपायला आली. किराणा शहरातून, शाळा शहरात, मतदानही शहरात. गावाच्या वाट्याला आलं ते सांडपाणी आणि महाग झालेली जमीन. ज्या शेतकऱ्यानं रस्त्याकडेची जमीन विकली त्याच्या मुलाला पुढं त्याच गावात घर घेणं जमेनासं झालं.

हे टाळायचं असेल तर वस्ती वाढण्याआधी आखणी व्हायला हवी. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा होतो आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. रस्ता किती रुंद, नाली कुठं उतरणार, शाळेला आणि बाजाराला जागा कुठली, पाण्याच्या टाकीची क्षमता किती, हे सगळं तिथं ठरतं. रेणापुरात त्याची सूचना निघाली की नकाशा बघायला जा, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बहुतेक ठिकाणी लोक रस्ता खोदल्यावर ओरडतात, तोवर उशीर झालेला असतो.

नव्यानं येणाऱ्यांकडूनही काही मागा. मतदार यादीत आणि रेशनकार्डावर इथला पत्ता लावा, घरपट्टी वेळेवर भरा, छताचं पाणी जमिनीत मुरवा, शोषखड्डा शेजाऱ्याच्या बोअरपासून लांब ठेवा, आणि जमेल तेवढी मुलं गावच्या शाळेत घाला. शिकल्यासवरल्या पालकांची मुलं शाळेत आली की गुरुजींना प्रश्न विचारणारे वाढतात आणि त्याचा फायदा तुमच्या मुलांनाही होतो.

वर ज्या भगिनींनी पत्र लिहिलं आहे त्या कदाचित तुमच्याच गल्लीत भाड्यानं येतील. त्यांच्या सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतील. त्यांना देवळात, हळदी-कुंकवाला, शेजारच्या ओट्यावर बोलवा. नळाला पाणी कधी येतं ते त्यांना सांगा आणि आराखड्याच्या हरकतीवर सही करायला त्यांच्या सुनेलाही सोबत न्या.