जागा राखणारा खेळाडू
(इयत्ता पाचवी ते सातवी : शारीरिक शिक्षण, भूगोल व व्यक्तिपरिचय यांचा संयुक्त पाठ)

फुटबॉलच्या सामन्याचे वृत्त छापून येते तेव्हा गोल कोणी केला हे प्रथम सांगितले जाते. गोल कोणी होऊ दिला नाही, याचा उल्लेख क्वचितच असतो. शाळेतही असेच घडते. पहिला आलेला विद्यार्थी सर्वांस ठाऊक असतो. मागल्या रांगेत राहून वर्गाचे काम नीट चालू ठेवणारा मुलगा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत पाठासाठी म्हणूनच एका बचावपटूचे चरित्र निवडले आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले व पाकिस्तानकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले झेश रेहमान हे ते खेळाडू होत.

पाठाचा हेतू

(1) संघातील प्रत्येक जागेस महत्त्व असते, हे विद्यार्थ्यांच्या अनुभवास आणणे. (2) 'अमुक जातीच्या, अमुक घरच्या मुलांना अमुक गोष्ट जमत नाही' या समजुतीचा फोलपणा एका खऱ्या उदाहरणाने दाखविणे. (3) नकाशावाचनाचा सराव देणे.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ मैदानावर करावा. आपल्या मुलांना आट्यापाट्यांचा खेळ परिचित असतो. पाटी धरणारा गडी आपली पाटी सोडून धावत सुटला तर प्रतिपक्षाचे गडी सहज पार होतात. तो जागेवर राहून, डोळा समोरच्या गड्यावर ठेवून, योग्य क्षणी हात टाकतो, तेव्हाच पाटी राखली जाते. फुटबॉलमधील बचावपटूचे काम पुष्कळसे असेच आहे. चेंडू आणि आपला गोल यांच्यामध्ये तो उभा राहतो. प्रतिस्पर्धी कोठून येईल याचा त्यास आधी अंदाज घ्यावा लागतो. शेजारच्या बचावपटूंशी अंतर राखून सर्वांनी एका ओळीत पुढे-मागे सरावे लागते; एकाने ओळ मोडली की वाट उघडी पडते. आघाडीच्या खेळाडूच्या दहा चुका विसरल्या जातात, परंतु बचावपटूची एक चूक गोल होऊन फलकावर लागते.

विषय-विवेचन

झेशान रेहमान यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1983 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरी, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतील व गिरण्यांतील कामासाठी भारत-पाकिस्तानांतून अनेक कुटुंबे त्या देशी जाऊन स्थायिक झाली. त्यांची मुले गल्ल्यांतून व बागांतून फुटबॉल खेळत. परंतु व्यावसायिक संघांत त्यांपैकी जवळजवळ कोणीच दिसत नसे. याचे कारण पुष्कळ जण सहजपणे सांगत : ही मुले अंगाने किरकोळ असतात, त्यांचा आहार निराळा असतो, त्यांचा ओढा क्रिकेटकडे असतो, त्यांच्या आईबापांना केवळ शिक्षण हवे असते. अशा समजुतीमुळे खेळाडू पारखणारी माणसे त्या मैदानांकडे फिरकतच नसत. ती फिरकत नसत म्हणून मुले निवडली जात नसत, आणि मुले निवडली जात नसत म्हणून समजूत खरी ठरल्यासारखी वाटे.

वस्तुतः या समजुतीस इतिहासाचाही आधार नव्हता. 1936 साली कलकत्त्याचे महंमद सलीम यांनी स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाकडून, पायांत बूट न घालता केवळ पट्ट्या बांधून, खेळून दाखविले होते. परंतु असे एखादे उदाहरण विस्मृतीत जाण्यास वेळ लागत नाही.

रेहमान यांनी लंडनच्या फुलहॅम संघाच्या युवक विभागात शिक्षण घेतले. इंग्लंडच्या युवक संघांतूनही ते खेळले. 2003-04 च्या हंगामात त्यांना ब्रायटन संघाकडे उसने पाठविण्यात आले. तरुण खेळाडूस अनुभव मिळावा म्हणून काही काळ दुसऱ्या संघास देण्याची ही पद्धत तिकडे रूढ आहे. 2004 मध्ये ते फुलहॅमकडून प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत उतरले. त्या श्रेणीत सामन्याच्या आरंभापासून खेळलेले पाकिस्तानी वंशाचे पहिले खेळाडू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

येथवरची हकीकत ऐकून मुलांस वाटेल की, यापुढे हा खेळाडू वर वरच चढत गेला असेल. तसे झाले नाही, आणि पाठाचा खरा भाग येथेच आहे. इंग्लंडमधील प्रमुख 92 व्यावसायिक संघ चार श्रेणींत विभागलेले असतात. फुलहॅममध्ये रेहमान यांची जागा कायम राहिली नाही. 2006 मध्ये ते प्रथम नॉर्विच संघाकडे उसने व नंतर लंडनच्याच क्वीन्स पार्क रेंजर्स संघात गेले. हे दोन्ही संघ त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत होते. 2009 मध्ये ते ब्रॅडफर्ड सिटी या चौथ्या श्रेणीतील संघात आले. ब्रायटनकडून ते तिसऱ्या श्रेणीतही खेळले होते. म्हणजे चारही श्रेणींची मैदाने त्यांनी पाहिली. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे जुने शहर असून तेथे पाकिस्तानी वंशाची वस्ती मोठी आहे. शिखरावरून खाली आलेला खेळाडू म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहिले असेलही. परंतु ज्या गल्ल्यांतील मुलांनी आपल्यासारखा चेहरा व्यावसायिक मैदानावर कधी पाहिला नव्हता, त्यांच्या दृष्टीने हे येणे लहान नव्हते.

दरम्यान 2005 मध्ये त्यांनी पाकिस्तानकडून खेळण्याचे ठरविले. केवळ युवक संघांतून एका देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूस, काही अटींवर, आपल्या पूर्वजांच्या देशाकडून खेळता येते. त्या वर्षी डिसेंबरात कराची येथे भरलेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ते पाकिस्तानच्या संघातून उतरले. क्रिकेट व हॉकी यांच्या छायेत त्या देशातील फुटबॉल दीर्घकाळ मागे पडला होता. विजय थोडे आणि पराभव फार, अशा संघात बचावपटूवर सर्वाधिक भार येतो. कीर्ती हवी असणाऱ्याने ही जागा मागून घेतली नसती.

2010 नंतर त्यांचा मार्ग पूर्वेकडे वळला. थायलंडमधील मुआंगथाँग युनायटेड, हाँगकाँगमधील किची आणि मलेशियातील पहांग या संघांतून ते खेळले. 2014 मध्ये पहांगने त्या देशाचा एफ.ए. चषक व मलेशिया चषक हे दोन्ही जिंकले, तेव्हा ते त्या संघात होते. पुढे इंग्लंडमधील गिलिंगहॅम संघात काही काळ राहून ते पुन्हा हाँगकाँगला गेले आणि तेथील सदर्न संघात खेळाडू-प्रशिक्षक झाले. नंतर इंग्लंडमधील पोर्ट्समथ संघाच्या प्रशिक्षकवर्गातही त्यांनी काम केले. खेळत असतानाच त्यांनी मुलांसाठी आपल्या नावाचे एक प्रतिष्ठान स्थापन केले होते.

राखलेल्या जागेचे पुढे काय होते, हेही मुलांस सांगावे. त्याच बर्मिंगहॅम शहरी 1998 मध्ये जन्मलेले ईसा सुलेमान हे दुसरे बचावपटू. त्यांनी इंग्लंडच्या युवक संघांचे नेतृत्व केले आणि 2017 मध्ये एकोणीस वर्षांखालील युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून गोलही केला. 2023 पासून तेही पाकिस्तानकडून खेळू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इस्लामाबाद येथे पाकिस्तानने कंबोडियास 1-0 असे हरवून विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आपला पहिला विजय मिळविला. तो गोल करणारे हारून हमीद हेही इंग्लंडच्या मैदानांवरच घडलेले खेळाडू होते. त्या दिवशी रेहमान मैदानावर नव्हते. परंतु ज्या वाटेने ही मुले आली, ती वाट त्यांच्यापूर्वी कोणीतरी चालून दाखविली होती.

शिक्षकांनी ध्यानी घ्यावयाची गोष्ट

या चरित्रातील सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोणत्याही संघातील नव्हता. तो एक पूर्वग्रह होता. तो द्वेषातून आला होता असेही म्हणता येत नाही. अनेक चांगल्या माणसांनी तो विचार न करता बाळगला होता. आपल्या शाळांतही 'हा मेंढपाळाचा मुलगा, याला गणित कसले येणार', 'मुलींना मैदान कशाला', 'ऊसतोडणीच्या टोळीबरोबर जाणारी मुले टिकत नाहीत' अशी वाक्ये सहज बोलली जातात. असे बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. मात्र ज्या मुलाविषयी ते बोलले जाते, त्याच्याकडे त्या दिवसापासून प्रश्न जात नाही. ज्यास प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर येत नाही, आणि उत्तर येत नाही म्हणून वाक्य खरे वाटू लागते. हे चक्र थांबविणे शिक्षकाच्या हाती आहे. त्याकरिता निधी लागत नाही, आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. उद्याच्या तासाला पहिला प्रश्न त्या मुलास विचारावा, आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.

पाठानंतरची कृती

(1) आट्यापाट्यांचा अथवा फुटबॉलचा सामना खेळवावा. गुणफलकावर दोन रकाने आखावेत : एकात पार झालेले गडी वा झालेले गोल, दुसऱ्यात अडविलेले गडी वा अडविलेले गोल. शेवटी दोन्ही रकाने मोठ्याने वाचून दाखवावेत. (2) खेळात ज्यास नेहमी शेवटी निवडतात, त्या विद्यार्थ्याने एका सामन्यापुरते जागा वाटून द्याव्यात. (3) जगाच्या नकाशावर बर्मिंगहॅम, लंडन, ब्रॅडफर्ड, कराची, थायलंड, हाँगकाँग व मलेशिया ही ठिकाणे दाखवून दोऱ्याने क्रमाने जोडावीत.

प्रश्न

(1) बचावपटूने आपली जागा सोडली तर काय होते? आट्यापाट्यांतील उदाहरण द्या.
(2) रेहमान वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत आले. याला अपयश म्हणावे काय? कारणांसह लिहा.
(3) 'हे तुला जमणार नाही' असे तुम्हांस कोणी कधी म्हटले आहे काय? पुढे तुम्ही काय केले?
(4) तुमच्या गावात ज्यांचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण ज्यांच्यावाचून गावाचे अडते, अशा तीन व्यक्तींची कामे लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात वाचून दाखवू नयेत. शिक्षकांनी ती एकट्याने वाचावीत. 'जमणार नाही' असे म्हणणारी व्यक्ती कोण होती, हे त्या उत्तरांतून कळण्याचा संभव आहे.